तो पंप मी निवडला होता

संदीपला, माझ्या नवऱ्याला, वाटतं की माझं सगळं त्याला ठाऊक आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, वाटणारच. पण ही एक गोष्ट त्याला ठाऊक नाही. आईला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या जिन्यात समोर आलात तर मला मान खाली घालावी लागणार नाही. सुरुवातच अशी भित्री आहे, बघा.

गोष्ट एका पंपाची आहे. म्हणजे मी स्वतःला इतकी वर्षं तसंच सांगत आले — की पंपाची आहे.

मी जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला पीएचडी करत होते. संदीपची नोकरी इंगोलश्टाटला, तो दोन आठवड्यांतून एकदा यायचा. शहरात जागा मिळेना म्हणून मी बसने पंचवीस मिनिटांवरच्या एका खेड्यात राहायचे. वरच्या मजल्यावर मी, खाली घरमालक. त्यांचं नाव हेर लांग. 'हेर' म्हणजे आपलं श्रीयुत. मराठी कानाला तो शब्द आधी भलताच वाटतो, मग सवय होते. आईशी फोनवर बोलताना मी त्यांना लांग आजोबा म्हणायचे. एक्याऐंशी वर्षांचे, आयुष्यभर सुतारकाम केलेले, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. ते मला फ्राऊ, म्हणजे श्रीमती, गोकाले म्हणायचे. गोखलेतला 'ख' त्यांना शेवटपर्यंत जमला नाही.

घरामागच्या उतारावर त्यांच्या वडिलांनी मेपलची ऐंशीएक झाडं लावली होती. फर्निचरच्या लाकडासाठी लावलेली, पण ती कधी तोडलीच नाहीत. काम सोडल्यावर हेर लांगना त्या झाडांचा रस काढायचा नाद लागला होता. हिवाळ्याच्या शेवटी, रात्री गोठतं आणि दिवसा ऊन पडतं असे तीन-चार आठवडे येतात. तेव्हा खोडाला बारीक भोक पाडलं की रस ठिबकतो — पाण्यासारखा, जेमतेम गोडसर. बादल्यांच्या बादल्या आटवल्या की काकवीसारखी एक बाटली होते. गावात सगळ्यांना ते एकेक बाटली द्यायचे. मलाही पहिल्या वर्षी मिळाली होती. मी ती धिरड्यांवर घालून संपवली आणि त्यांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले.

दुसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे बादल्या उचलायला तयार होईनात. मग ठरलं की झाडांना नळ्या जोडायच्या, सगळ्या नळ्या उतारावरून खाली शेडमध्ये आणायच्या, आणि पंपाने नळ्यांतली हवा ओढून घ्यायची. हवा ओढली की रस जास्त येतो आणि आपसूक खाली येतो. पंप चांगला मिळाला तर रस, नाहीतर नाद बंद. आणि वरच्या मजल्यावर राहत होते मी — जिचा प्रबंधच व्हॅक्यूम पंपांवर होता.

एका शनिवारी त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर कागद होता. त्यावर सुताराच्या जाड पेन्सिलीने प्रत्येक झाड, प्रत्येक नळी, तिची लांबी. मला वाटतं त्यावर त्यांनी आठवडाभर काम केलं असावं. पंपही त्यांनी मनात धरलेला होता. गावाच्या वरच्या अंगाला एकाने गाई विकून गोठा बंद केला होता, त्याचा दूध काढायच्या यंत्राचा जुना पंप पडून होता. त्या पंपाच्या पोटात पाणीच फिरत असतं. बाहेरून आणखी चार थेंब आत आले तरी त्याला काही होत नाही.

"म्हणजे त्याला ओलं चालतं," ते म्हणाले. "रस म्हणजे ओलंच की."

बरोबर होतं. अगदी बरोबर होतं. पंप निवडताना पहिला प्रश्न 'ओढतो किती' हा नसतोच. पहिला प्रश्न असतो — त्याच्या आत काय काय जाणार आहे? हे मी तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलांना फळ्यावर लिहून शिकवत होते. आणि ते एका सुताराने मला कॉफी ओतता ओतता सांगितलं.

मग मी 'हो' का नाही म्हटलं?

आमच्या प्रयोगशाळेतला एक पंप मोडीत निघणार होता. तेलावर चालणारा, पट्ट्यावरचा, जुना पण देखणा. आवाज कमी, ओढ जबरदस्त. फक्त ओलं त्याला चालत नाही. तेलात पाणी गेलं की तेल दुधासारखं पांढरं होतं आणि पंप आतून अडकतो. हे मला माहीत होतं. पण मी व्हॅक्यूममध्ये डॉक्टरेट करणारी बाई, आणि गोठ्यातल्या पंपाला मान डोलवू? मी त्यांना आकडे सांगितले, आलेख काढून दाखवले. गोठ्याच्या पंपाची ओढ किती कमी, माझ्या पंपाची किती जास्त. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, गेनाऊ, गेनाऊ — बरोबर, बरोबर. शेवटी त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. तुम्हाला जास्त कळतं, असं म्हणाले. झाडांचा विचार मी केलाच नाही. माझाच केला.

ओल्याचा बंदोबस्त मी केला होता, नाही असं नाही. रस आधी साठ लिटरच्या स्टीलच्या कॅनमध्ये जमायचा. कॅन आणि पंप यांच्यामध्ये मी एक बंद डबा बसवला, आणि डब्यात एक पोकळ प्लास्टिकचा गोळा. कॅन भरून रस डब्यात आलाच, तर गोळा तरंगत वर जाणार आणि पंपाकडचं तोंड बंद करणार. पंप नुसता फिरत राहणार, आत थेंबही जाणार नाही. हेर लांगचं काम एवढंच — दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला कॅन रिकामा करायचा. शेडच्या दाराला त्यांनी कागद लावला होता. रिकामा केला की पेन्सिलीने खूण.

पहिले काही दिवस छान गेले. मग तो गोळा चिकटायला लागला. रसाचा फेस डब्यात यायचा, गोळा वर जाऊन तिथेच बसायचा, नळ्यांतली ओढ बंद. हेर लांग मला प्रयोगशाळेत फोन करायचे — फ्राऊ गोकाले, ओढीचा काटा खाली आला. दिवसातून दोनदा, तीनदा. माझ्या प्रबंधाची मुदत सहा आठवड्यांवर. गोळ्याचं माप चुकलं होतं, दुसरा बनवायला हवा होता. एका दुपारचं काम. ती दुपार मला काढायची नव्हती.

रविवारी मी शेडमध्ये गेले, डब्याच्या दोन चिमट्या उघडल्या, गोळा काढला आणि कोटाच्या खिशात टाकला. काटा सरसर वर गेला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो, झालं," मी म्हटलं.

गोळा काढलाय हे सांगितलं नाही. का? सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग आपण गोठ्यातला पंप आणू. म्हणून. तुम्हाला याहून मोठं काही कारण हवं होतं का? मलाही हवं होतं.

दहा दिवस मी तो गोळा खिशात घेऊन फिरले. बसच्या थांब्यावर हात गरम करायला खिशात घातला की बोटांना लागायचा. नवा बनवायचाय, आठवायचं. मग बस यायची.

मार्चमधल्या एका बुधवारी, कडक थंडीनंतर, एकदम ऊन पडलं. लोक कोट हातात घेऊन चालत होते. साडेचारला शेजारच्या बाईंचा फोन आला — शेडमधून धूर येतोय, फायरब्रिगेड आली आहे, हेर लांग आत गेले होते, त्यांना दवाखान्यात नेलंय.

बसमध्ये पूर्ण पंचवीस मिनिटं मी कुणाचा विचार करत होते? सांगते. हेर लांगचा नाही. गोळ्याचा.

पोचले तेव्हा फायरब्रिगेडवाले पाइप गुंडाळत होते. फारसं जळलं नव्हतं. पंप आतून अडकला होता, मोटर फिरायला बघत राहिली, पट्टा घासून घासून पेटला, मागची लाकडी भिंत काळी झाली. त्यांच्यातला एक मला ओळखत होता. इंजिनीअर तुम्हीच ना, बघा आत काय ते, असं म्हणून तो बाहेर गेला. मी शेडमध्ये एकटी. दोन मिनिटं असेन, तीन असेन.

मी डब्याच्या चिमट्या उघडल्या. आत रस होता, गळ्यापर्यंत. खिशातून गोळा काढला, रसावर ठेवला, झाकण लावलं, चिमट्या बसवल्या. हात जळक्या तेलाने माखले होते. तरी कोटाला पुसले.

हे लिहिताना आता थांबले होते थोडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेर लांग घरी आले. धूर छातीत गेला होता, पण बरे होते. त्यांची मुलगी, उलरिके, लुडविग्सहाफेनहून आली होती. ती रसायनांच्या कारखान्यात काम करते, तिला असल्या गोष्टी कळतात. ती आधी शेडमध्ये जाऊन सगळं बघून आली होती. मग आम्ही तिघं त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. तिने विचारलं की रस पंपाकडे जाऊ नये म्हणूनच तो गोळा आहे ना, मग पंप अडकला कसा? मी म्हटलं, तोंड बंद असताना तासन्‌तास तसाच फिरत राहिला की पंप तापतो. खोटं होतं ते. तो पंप तसा दिवसभर फिरला असता. पण मी ते अशा आवाजात सांगितलं की तिने मान हलवली.

"तासन्‌तास कसा?" हेर लांग म्हणाले. "कॅन मी बाराला रिकामा केला होता. खूण केली आहे."

खूण होती. मी पाहिली होती. आणि त्यांनी कॅन रिकामा केला होता, हेही मला माहीत होतं. सकाळी दात घासताना मी मनात गणित मांडलं होतं. ऐंशी झाडं, तसलं ऊन, एवढी ओढ — कॅन बाराला रिकामा केला तरी चारच्या आधी भरतोच. त्यांची एकही चूक नव्हती. अशाच दिवसासाठी तर तो गोळा होता.

उलरिके माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काळजी होती. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "खूण केली असेल, आणि मग रिकामा करायचं राहिलं असेल. होतं असं."

होतं असं. हे दोन शब्द मी बोलले. कुणी बोलायला लावले नाहीत.

हेर लांग माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते भांडतील. टेबलावर हात आपटतील. मी त्याची वाट बघत होते — मग कदाचित मी बोलले असते. पण त्यांनी नजर खाली केली, स्वतःच्या हाताकडे बघितलं, पेन्सिल धरतात त्या हाताकडे. आणि हळूच म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल."

त्याच संध्याकाळी मी पंपातलं तेल काढलं. दुधासारखं पांढरं होतं. बाटलीत भरून टाकून दिलं. आवरून घेतलंत, किती करता हो तुम्ही, असं उलरिके म्हणाली.

त्यानंतर घरात चिठ्ठ्या दिसायला लागल्या. शेगडीपाशी, दारापाशी, आरशावर. शेगडी बंद केली का? किल्ली घेतली का? ते मला खालून हाक मारायचे — फ्राऊ गोकाले, मी दार लावलंय का, जरा बघता का? मी खाली यायचे. दार लावलेलं असायचं. प्रत्येक वेळी लावलेलं असायचं. मी म्हणायचे, लावलंय. एवढंच. तुम्हाला काहीही झालेलं नाही, हे वाक्य मी कधीच म्हटलं नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःहून गाडी चालवणं सोडलं. मे महिन्यात उलरिके त्यांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. घड्याळ काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला लावले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. उलरिकेने मला जिन्यात हे सांगितलं तेव्हा तिला रडू आलं, इतका तिचा जीव भांड्यात पडला होता. हेर लांग मागे उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टर त्या दिवशी शेडमध्ये नव्हते."

मी होते.

तेव्हा सांगता आलं असतं, नाही का? त्या जिन्यात? नंतरही आलं असतं. माझा प्रबंध मंजूर झाला त्या दिवशी त्यांनी स्वतः केक आणला होता. तेव्हाही. आई फोनवर म्हणायची, परक्या देशात त्या आजोबांचं किती करतेस गं. मी म्हणायचे, अगं, त्यात काय. संदीप यायचा तेव्हा तो त्यांच्याबरोबर बागेत बसायचा. एकदा वर येऊन म्हणाला, आजोबा फार खचलेत, एवढीशी तर चूक झाली त्यांच्या हातून. मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

सप्टेंबरमध्ये हेर लांगनी ठरवलं की वृद्धाश्रमात राहायचं, लुडविग्सहाफेनला, मुलीच्या जवळ. कुणी भाग पाडलं नाही. उलरिके उलट म्हणत होती, एवढ्यात कशाला, पप्पा. पण ते म्हणाले, पुढच्या वेळी भिंत नाही, अख्खं घर जाईल. घर विकायला काढलं. नळ्या काढायला दोन माणसं आली, दिवसभरात सगळ्या गुंडाळून झाल्या. मीही सामान बांधत होते, इंगोलश्टाटला नोकरी मिळाली होती.

पुढच्या वर्षी दोनदा त्यांना भेटायला गेले. खोली नीटनेटकी होती. खिडकीतून पार्किंग दिसायचं. तिसऱ्या वेळी गेले नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात उलरिकेचं काळ्या कडेचं कार्ड आलं. अंत्यविधीला गेले नाही. कारण सांगत नाही, कारण नव्हतं.

हे सगळं सांगून झालं तरी एक उरतंच. मी मघापासून ते पुढे ढकलतेय. गोळा काढला तो आळस होता, अहंकार होता. खोटं बोलले ती भीती. त्याला काहीतरी नाव तरी देता येतं. पण हे —

ते घर सोडून गेले त्या सकाळची गोष्ट. खाली उलरिकेची गाडी उभी होती, सामान भरून झालं होतं. माझ्या दारावर टकटक झाली. हेर लांग. गुडघ्यांमुळे ते वर कधीच येत नसत, मी तिथे राहायला आल्यापासून एकदाही आले नव्हते. सतरा पायऱ्या आहेत. अंगात चांगला कोट होता, हातात टोपी. धाप लागली होती, ती बसेपर्यंत ते कठड्याला धरून उभे राहिले. बोलायचं काय ते त्यांनी आधी जुळवून ठेवलेलं होतं, हे दिसत होतं.

"फ्राऊ गोकाले," ते म्हणाले, "तुम्ही माझ्यासाठी एवढा चांगला पंप निवडलात, आणि तो माझ्यामुळे गेला. मी तुमची कधी माफी मागितली नाही. ती मागायला आलोय."

एक वाक्य पुरलं असतं. खाली उलरिके होती, घर अजून विकलं गेलं नव्हतं, शेडची भिंतही नवी बसवली होती. त्यांची बॅग गाडीतून परत काढता आली असती. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, "केलं माफ, हेर लांग."

त्यांनी डोळे मिटले, मान हलवली आणि आभार मानले — डांके. मग त्यांनी टोपी घातली. खाली उतरताना मी त्यांना हात दिला, आणि शेवटच्या पायरीपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.